इलेक्ट्रिक फोर्कलिफ्टचं स्पेक-शीट वाचताना: नाशिकच्या एका द्राक्ष पॅकहाऊसच्या प्रकल्प नोंदी

काम असं: पिंपळगाव-ओझर पट्ट्यातल्या पॅकहाऊसमधली जुनी ३ टनी डिझेल फोर्कलिफ्ट बंद हॉलमधून बाहेर काढायची आणि तिच्या जागी एक इलेक्ट्रिक आणायची. डिझेलचा धूर पॅकिंग हॉलमध्ये ऑडिटला चालत नाही, हे मुख्य कारण. हंगाम जानेवारी ते एप्रिल. उरलेले महिने हॉलचा अर्धा भाग अंबडच्या एका कारखान्याला कास्टिंगच्या (ओतीव धातूच्या भागांच्या) मोठ्या पेट्या, म्हणजे बिना, ठेवायला दिलेला असतो. म्हणजे गाडीला दोन वेगळी कामं करायची आहेत, आणि पुढच्या बऱ्याच अडचणी यातूनच निघाल्या.

८ ऑगस्ट. आधी आपली मापं

कोटेशन मागवायच्या आधी टेप, वजनकाटा आणि वही. जुनी गाडी ३ टनी होती म्हणून नवीही ३ टनी, असंच प्रत्येक विक्रेता गृहीत धरतो. तेवढी मोठी गाडी या हॉलमधल्या रॅकच्या वाटेत वळणारच नाही.

निर्यातीचा भरलेला पॅलेट (माल रचायचा लाकडी चौथरा) १,००० × १,२०० मिमी, उंची २,२०० पर्यंत, काट्यावर ७२० ते ७५० किलो. कास्टिंगच्या बिनेवर १,००० किलो लिहिलेलं आहे, पण तो आतल्या मालाचा आकडा. बीन आणि खालचा लाकडी पॅलेट धरून काट्यावर १,२५० आलं. गाडीची क्षमता ठरवणारा आकडा हाच, द्राक्षाचा नव्हे.

रॅकचा वरचा बीम ४,१५० वर. फोर्क (गाडीचे पुढचे दोन लोखंडी दांडे) पॅलेटच्या आत साधारण १०० मिमी वर बसतात, शिवाय बीमवरून मोकळं उचलायला आणखी १००. म्हणजे फोर्क ४,३५० पर्यंत जायला हवेत. रॅक ते रॅक अंतर ३,६००, पण दोन्ही बाजूंनी पॅलेट ७५ मिमी बाहेर येतात, म्हणून खरी वाट ३,४५०. कोल्ड रूमच्या दाराची उंची तीन ठिकाणी मोजली: मध्ये २,४००, उंबऱ्याच्या एपॉक्सीच्या (फरशीवरच्या लेपाच्या) उंचवट्यावर २,३८०. छोटा आकडाच धरायचा. अंगणातून डॉकवर (माल चढवायच्या ओट्यावर) चढणारा रॅम्प ६ मीटर लांबीत ६०० मिमी चढतो, म्हणजे १० टक्के. वाटेवरचे दिवे ५,३०० वर लटकलेले.

१४ ऑगस्ट. "१.६ टन" म्हणजे किती

तीन कोटेशनं आली. तिन्हींत पहिल्या ओळीत क्षमता ठळक, आणि तिच्याखाली बारीक अक्षरात "लोड सेंटर ५०० मिमी". फोर्कच्या उभ्या पाठीपासून वजनाचा मध्य ५०० मिमीवर असेल तेव्हाच ती क्षमता खरी. १ टनापासून ५ टनांच्या आतल्या गाड्यांना हेच माप धरतात. आपला पॅलेट आणि बीन १,२०० च्या बाजूने आत घेतले जातात, म्हणजे मध्य ६०० वर जातो.

हिशेब सोपा आहे, विक्रेत्याची वाट बघायची गरज नाही. स्पेक-शीटवर (कंपनीच्या तांत्रिक मापांच्या तक्त्यावर) "एक्स" नावाचं एक माप असतं: पुढच्या चाकाच्या मध्यापासून फोर्कच्या पाठीपर्यंतचं अंतर. पहिल्या कोटेशनमध्ये ते ३६०. गाडी पुढच्या चाकांवर टेकून तोलली जाते, म्हणून वजन गुणिले अंतर हे स्थिर राहतं.

१,६०० × (३६० + ५००) = १३,७६,०००. याला (३६० + ६००) ने भागलं की १,४३३ किलो. इथेच १६७ किलो गेले.

आता साइड-शिफ्टर, म्हणजे फोर्क डावी-उजवीकडे सरकवणारा जोड. तो नसेल तर रॅकवर पॅलेट सरळ बसवताना ऑपरेटर दर वेळी गाडी मागेपुढे करत बसतो, त्यामुळे तो हवाच. पण त्याचं वजन ६५ किलो आणि जाडीमुळे माल ६० मिमी पुढे सरकतो. १३,७६,००० मधून त्याचे स्वतःचे ६५ × ३९० (३६० अधिक निम्मी जाडी ३०) म्हणजे २५,३५० वजा, उरलेल्याला १,०२० ने भागलं: १,३२४ किलो. कागदावर १,२५० ची बीन अजूनही बसते.

पण हे सगळं मास्ट (फोर्क वर नेणारा उभा खांब) खाली असताना. वर गेल्यावर मास्ट वाकतो, गाडीचं डोलणं वाढतं, आणि तिथे हा भागाकार चालत नाही. तिथे कंपनीचा आलेखच लागतो. तो मागवला. १.६ टनी गाडीला ४,५०० उंचीवर, ६०० लोड सेंटरला, साइड-शिफ्टरसकट १,१२० किलो. म्हणजे बीन वरच्या कप्प्यात जाणार नाही. १.८ टनीला त्याच अटींवर १,३००.

कोटेशन मागताना "१.८ टन" असं न लिहिता असं लिहा: "४,५०० मिमी उंचीवर, लोड सेंटर ६०० मिमी, साइड-शिफ्टर बसवून, शिल्लक क्षमता किमान अमुक किलो, कंपनीच्या लेटरहेडवर." एका विक्रेत्याने यावर "सर, चालून जाईल" असं उत्तर पाठवलं. त्याचं कोटेशन तिथेच बाजूला ठेवलं.

१,३०० आणि १,२५० मध्ये फक्त ५० किलोची फट आहे. त्यामुळे नियम असा ठरवला की भरलेल्या बिना खालच्या दोन कप्प्यांतच ठेवायच्या, वर रिकाम्या किंवा अर्ध्या. २ टनी घेतली असती तर हा नियम लागला नसता, पण तिचा वळणाचा घेर वाढतो आणि वाट पुरत नाही.

२१ ऑगस्ट. मास्टच्या पाच उंच्या

शीटवर उंचीचे आकडे एच-१ ते एच-६ असे असतात आणि घोळ इथेच होतो. एच-१ मास्ट पूर्ण खाली असतानाची उंची. एच-२ फ्री लिफ्ट, म्हणजे मास्ट न वाढता फोर्क किती वर जातात. एच-३ फोर्कची कमाल उचल. एच-४ मास्ट पूर्ण वर असतानाची एकूण उंची. एच-६ डोक्यावरच्या गार्डची उंची. "लिफ्ट हाइट साडेचार मीटर" म्हणजे एच-३. तेवढा एकच आकडा बघून मास्ट निवडू नये.

स्वस्त कोटेशनमध्ये दोन टप्प्यांचा मास्ट होता. ४,५०० उचलीला त्याची एच-१ जवळपास २,९०० होते. आपलं दार २,३८० चं. म्हणून तीन टप्प्यांचा, फुल फ्री लिफ्टचा मास्ट: एच-१ २,११०. गार्ड २,०६०. दोन्ही दारातून जातात आणि ४० फुटी हाय-क्यूब रीफरच्या (उंच, थंड कंटेनरच्या) दारातूनही जातात.

फ्री लिफ्टची खरी गरज कंटेनरमध्ये पडते. फ्री लिफ्ट नसलेला मास्ट फोर्क उचलताच स्वतःही वर येतो. आपला माल एकावर एक रचायचा नाही, १५० मिमी उचलून आत सरकवायचा, त्यामुळे आज थोडी फ्री लिफ्टही पुरते. पण २,२०० चा पॅलेट १५० उचलला की २,३५० होतो, आणि २,३८० च्या दारात ३० मिमीच उरतात. डॉक लेव्हलरच्या (डॉक आणि कंटेनर जोडणाऱ्या हलत्या पत्र्याच्या) ओठावर गाडी पुढे झुकली की तेही संपतात. म्हणून कोल्ड रूमच्या दारातून जाताना उचल १०० पेक्षा जास्त नको, असा पिवळा पट्टा दाराच्या चौकटीवर रंगवला.

एच-४ ने मात्र फसवलं असतं. शीटवर ५,०५० लिहिलं होतं, दिवे ५,३०० वर, म्हणजे जमतं. पण तो आकडा लोड बॅकरेस्टशिवायचा निघाला. फोर्कच्या मागची ही जाळी नसेल तर उंच पॅलेटची वरची खोकी मास्टवरून मागे ऑपरेटरच्या अंगावर येऊ शकतात, त्यामुळे ती काढून चालत नाही. बॅकरेस्ट धरून एच-४ ५,७०० च्या आसपास. छताच्या ट्रसची (लोखंडी कैचीची) खालची कड ६,१०० वर आहे, म्हणून दिवेच हलवले: वाटेच्या मधून काढून ट्रसलगत, बाजूला. सिझर लिफ्टचं भाडं, इलेक्ट्रिशियन आणि वायर मिळून १८,५००.

२९ ऑगस्ट. वाट: खडूने आखून बघा

शीटवर "एएसटी" म्हणून वाटेची रुंदी दिलेली असते, दोन पॅलेट मापांसाठी. १,००० × १,२०० आडवा, म्हणजे फोर्क १,००० च्या बाजूने आत, आणि ८०० × १,२०० उभा. आपण १,००० × १,२०० उभा घेतो. हे माप शीटवर नाहीच.

तीनचाकी गाडीसाठी हिशेब असा: वळणाची त्रिज्या, अधिक पॅलेटच्या पुढच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरपं अंतर, अधिक २०० मिमी मोकळीक. १.८ टनीची त्रिज्या १,६००. तिरपं अंतर काढायला १,२०० + ३६० = १,५६० चा वर्ग आणि पॅलेटच्या निम्म्या रुंदीचा, ५०० चा, वर्ग; बेरजेचं वर्गमूळ १,६३८. एकूण ३,४३८. शीटवर आडव्या पॅलेटसाठी ३,२९० छापलेलं होतं. पॅलेटची बाजू बदलली की जवळपास १५० मिमी वाढले.

त्याच क्षमतेची चारचाकी पाहिली. तिची त्रिज्या १,९००, वाट ३,६६०. बाद. तीनचाकीचं मागचं चाक जवळजवळ काटकोनात वळतं, म्हणून ती जागच्या जागी फिरते. अरुंद हॉलमध्ये तीच हवी.

३,४५० च्या वाटेत ३,४३८ ची गाडी कागदावर बसते. जमिनीवर खडूने रॅकच्या रेषा आणि गाडीचा घेर आखून पाहिला. २०० मिमीची मोकळीक दोन्ही बाजूंची मिळून आहे. रात्री दहाला थकलेल्या ऑपरेटरकडून एका बाजूला १०० मिमीचा नेम रोज अपेक्षित धरणं म्हणजे रॅकचे खांब वाकवायची तयारीच. रॅकची एक रांग १५० मिमी भिंतीकडे सरकवली. मागे भिंतीचा ओलावा पोचू नये म्हणून अंतर सोडलेलं होतं, ते कमी झालं पण संपलं नाही. जुने अँकर (रॅक जमिनीला धरणारे बोल्ट) कापून नवीन भोकं पाडावी लागली, कारण जुन्या भोकांपासून फार जवळ पाडलेलं भोक काँक्रीट फोडतं. सगळ्यात जास्त वेळ याच कामाने खाल्ला. रॅक रिकामे असतानाच हे करता येतं, म्हणून हंगामाआधीच करा.

८ सप्टेंबर. रॅम्प आणि गटारीची जाळी

चढण्याची क्षमता शीटवर "१५ / २२ टक्के" अशी: पहिला आकडा भरलेल्या गाडीचा, दुसरा रिकाम्या. पण किती वेळ? एका शीटवर पाच मिनिटांचं रेटिंग होतं, दुसऱ्यावर तीस मिनिटांचं, आणि तिसऱ्यावर काहीच नाही. तीस मिनिटांचा आकडा पाच मिनिटांच्या निम्म्याच्या आसपास असतो, त्यामुळे दोन्ही एका तराजूत घालू नका. आपल्या ६ मीटरच्या १० टक्क्यांना पाच मिनिटांचं रेटिंग पुरेसं. तरीही ओळीने फेऱ्या झाल्या की ट्रॅक्शन मोटर (चाकं फिरवणारी) तापते आणि कंट्रोलर वेग कमी करतो. हंगामात रॅम्पवरून दिवसभर ये-जा नको, माल डॉकवरच उतरवायचा. तीनचाकी रॅम्पवर वळवायची नाही, आणि भरलेली असताना माल कायम चढाच्या बाजूला. बाहेरच्या मुरमावर तर ती न्यायचीच नाही. अंगणातलं काम जुन्या डिझेलकडेच राहिलं.

मोटरच्या रेटिंगचंही तसंच. लिफ्ट मोटर "११ किलोवॅट, एस-३, १५ टक्के" म्हणजे दहा मिनिटांत दीड मिनिटच त्या ताकदीने चालणार. दुसऱ्याचा ८ किलोवॅटचा आकडा जास्त टक्क्यांच्या ड्युटीवर असेल तर तो कमी ठरत नाही. किलोवॅटच्या पुढचं एस आणि टक्के वाचल्याशिवाय तुलना नको.

ॲक्सलवरचं वजन. रिकामी गाडी ३,२०० किलो, त्यातलं पुढे १,४८०, मागे १,७२०. चाकांमधलं अंतर १,४००. १,३०० किलो उचलले की मागचं वजन १,३०० × ९६० ÷ १,४०० = ८९१ ने कमी होतं आणि पुढे ३,६७१ येतं. म्हणजे पुढच्या प्रत्येक चाकाखाली १.८ टनाहून जास्त. ट्रिमिक्सच्या काँक्रीट फरशीला काही होत नाही, पण हॉलच्या मधून जाणाऱ्या धुण्याच्या गटारीवर क्रेटच्या ट्रॉल्यांसाठी बसवलेली हलकी जाळी होती. डिझेल गाडीने आधीच ती मध्ये खाली दाबलेली होती, कुणाचं लक्ष नव्हतं. गाडीच्या वाटेत येणाऱ्या सहा फुटांत जाड पट्ट्यांची जाळी आणि खाली नवीन अँगल: ११,२००.

द्राक्षाच्या ७५० किलोला हाच हिशेब केला तर पुढे २,७४४ येतं. रीफरच्या फरशीची ॲक्सल मर्यादा शिपिंग लाइनकडून लेखी मागवून त्याच्याशी ताडून घेतली.

१९ सप्टेंबर. बॅटरी

"४८ व्होल्ट, ६२५ एएच (अँपिअर-तास)." पहिला प्रश्न: किती तासांच्या दराने? फोर्कलिफ्टची बॅटरी पाच तासांच्या दराने मोजतात. तीच बॅटरी वीस तासांच्या दराने मोजली की आकडा मोठा दिसतो. एका कोटेशनमध्ये दर लिहिलेलाच नव्हता. विचारल्यावर आकडा खाली आला.

४८ × ६२५ = ३०,००० वॅट-तास, म्हणजे ३० युनिट. लेड-ॲसिड ८० टक्क्यांपर्यंतच वापरायची, म्हणजे २४ युनिट. शीटवर वापर तासाला ४.३ युनिट. साडेपाच तास. हंगामाच्या ऐन भरात गाडी प्रत्यक्ष आठ तास फिरते, म्हणजे ३४ युनिट लागतील. एक लेड-ॲसिड पुरत नाही. चार्जिंगला आठ तास, वर थंड व्हायला वेळ, त्यामुळे मधल्या सुट्टीत भरून काही होत नाही. दुसरी बॅटरी घ्यायची तर ९०० किलोच्या वरचा तो ठोकळा बदलायला रोलर स्टँड किंवा चेन ब्लॉक, शिवाय हायड्रोजन बाहेर जाईल अशी हवेशीर खोली, डोळे धुवायचा नळ, डिस्टिल्ड पाण्याचं वेळापत्रक. द्राक्षाच्या पॅकिंग हॉलशेजारी ॲसिडचं काम नको, हेही होतंच.

लिथियम, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट): ५१.२ व्होल्ट, ४०० एएच, २०.५ युनिट. ९० टक्के वापर धरला तर १८.४. आकडा कमी, पण २०० अँपिअरच्या चार्जरवर जेवणाच्या पाऊण तासात ७.७ युनिट परत येतात, पंधरा मिनिटांच्या दोन चहांत आणखी ५. एकूण ३१. कागदावर ३ युनिट कमी पडतात. पण शीटवरचा ४.३ हा पूर्ण क्षमतेचा माल घेऊन केलेल्या चाचणीचा आकडा आहे, आपला पॅलेट ७५० चा. शिवाय कंटेनरचं सील, कागद यांत गाडी डॉकवर उभी असते, तेव्हाही प्लग लावता येतो.

खरा निकाल लागला तो एप्रिलनंतरच्या महिन्यांवर. तेव्हा गाडी आठवड्यातून एखाद-दोनदा हलते. लेड-ॲसिड तशी पडून राहिली की सल्फेट धरते, म्हणून चार्ज करत राहणं, महिन्यातून एकदा इक्वलायझिंग (सगळे सेल समान पातळीला आणणारं जादा चार्जिंग) आणि पाणी बघणं आलं. हे कुणीतरी करेल, असं धरलं की कुणीच करत नाही. लिथियम निम्मी भरून ठेवली की राहते. फरक सव्वातीन लाखांचा होता, तरी लिथियम.

२६ सप्टेंबर. बॅटरीचं वजन हेही काउंटरवेट (मालाला तोलणारं मागचं वजन)

एका विक्रेत्याने स्वस्त मार्ग सुचवला: लेड-ॲसिडची गाडी घ्या, आम्ही लिथियम पॅक बसवून देऊ. गाडीच्या प्लेटवर बॅटरीचं किमान वजन ८५० किलो. त्यांचा पॅक ३८० चा. म्हणजे मागून ४७० किलो काढून घेतले आणि क्षमतेची प्लेट तीच. पुढे १,२५० ची बीन उचलल्यावर मागच्या चाकावर काय उरेल याचा हिशेब वर दिलाच आहे. उरलेलं वजन लोखंडी बॅलास्टने, बॅटरीच्याच खोक्यात, पक्कं बोल्ट करून भरलं तरच चालतं, आणि गाडीच्या उत्पादकाची लेखी संमती हवी. दोन्ही मिळेना. मुळातच लिथियमसाठी बांधलेली गाडी घेतली.

६ ऑक्टोबर. ऑर्डर

छाटण्या सुरू झाल्या, आता उशीर नको. १.८ टनी, तीनचाकी, तीन टप्प्यांचा मास्ट, साइड-शिफ्टर, १,१५० चे फोर्क, लिथियम आणि २०० अँपिअर चार्जर: १४,६०,०००, वर १८ टक्के जीएसटी २,६२,८००.

फोर्क १,१५० चे घेतले कारण पॅलेट १,२०० खोल. १,२०० पेक्षा लांब फोर्क पलीकडून बाहेर येतात आणि मागच्या पॅलेटच्या खोक्यांना भोकं पाडतात. कंटेनरमध्ये हे दिसतही नाही, परदेशातल्या गोदामात उघडल्यावर कळतं.

ऑर्डरमध्ये लिहून घेतलं: शिल्लक क्षमतेची प्लेट गाडीवर रिव्हेट केलेली, काळे डाग न पाडणारे टायर, वेगमर्यादा पॅरामीटरमधून ८ किमी, पासवर्ड आपल्याकडे, सीटवरून उठल्यावर उचल आणि चाल दोन्ही बंद, बीएमएसचा (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटचा) दोष-कोड तक्ता छापील, ऑपरेटरचं प्रशिक्षण. शीटवरचा १६ किमीचा कमाल वेग या हॉलमध्ये निरुपयोगी आहे, त्यासाठी पैसे मोजू नका.

१७ नोव्हेंबर. चार्जरची लाइन

चार्जर पूर्ण जोरात साडेबारा किलोवॅटच्या आसपास ओढतो, ४१५ व्होल्टवर १८ अँपिअर. ग्रेडिंग लाइनच्या डीबीमधून (वीज वाटपाच्या पेटीतून) ३२ अँपिअरचा एमसीबी काढून जोडला. सकाळी सगळं ठीक. संध्याकाळी प्रीकूलिंगचे (द्राक्षं आधी थंड करायचे) ब्लोअर आणि कॉम्प्रेसर एकत्र चालू झाले की चार्जर कमी व्होल्टेजचा कोड देऊन बंद. मीटर लावून पाहिलं: डीबीच्या टोकाला ३६८. चार्जरची मर्यादा ४१५ च्या १० टक्के खाली, म्हणजे ३७४.

विक्रेत्याचा माणूस चार्जर बदलायला निघाला होता. दोष चार्जरचा नव्हताच. ७० मीटरची जुनी केबल सगळ्यांचा भार वाहत होती. मुख्य पॅनेलपासून १० चौरस मिमी तांब्याची स्वतंत्र केबल ओढली, अर्थिंग वेगळं. संध्याकाळी आता ३९८ मिळतात. केबल, ग्लँड, मजुरी: ६२,०००. हा खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो. चार्जर घेण्याआधी त्या जागेवर, संध्याकाळच्या भारात, व्होल्टेज मोजून घ्या.

प्रीकूलिंग भरायच्या वेळेत पूर्ण चार्जिंग नको, हेही ठरवलं. बिलातली कमाल मागणी त्याच तासांत चढते.

१२ डिसेंबर. गाडी आली

उतरवण्याआधी प्लेट वाचली. "१,८०० किलो, ५०० मिमी" एवढंच. साइड-शिफ्टर आणि ४,५०० उंचीची ओळ नाही. ती प्लेट येईपर्यंत शेवटचा हप्ता रोखला. आली.

वजनकाट्यावर गाडी ३,२४०. एच-१ टेपने २,१२५, शीटपेक्षा १५ जास्त, दारातून जाते. १,२५० ची बीन दीड मीटरवर उचलून गाडी बंद केली, दहा मिनिटांत फोर्क १८ मिमी खाली आले. नवीन गाडीला ठीक. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढच्या वर्षी सील कसे आहेत ते याच्याशीच ताडायचं आहे. सक्षम तपासनिसाकडून वर्षाची तपासणीही आत्ताच करून घेतली.

२० डिसेंबर. ऑपरेटरला रॅकला हात लावताना झटका बसतो. वायरिंग तपासण्यात वेळ गेला, गळती नव्हती. काळे डाग न पाडणाऱ्या टायरमध्ये कार्बन ब्लॅक नसतो, त्यामुळे गाडीवर साचलेला स्थिर भार जमिनीत उतरत नाही, त्यात खाली एपॉक्सी. चॅसिसला जमिनीला घासणारी अँटिस्टॅटिक पट्टी लावली, ४५० रुपये. पट्टी झिजते, टायरबरोबर तपासायची.

९ जानेवारी. थंडी

निफाडचा पारा खाली गेला की सगळ्या तालुक्यात त्याची चर्चा होते. इथे ती बॅटरीनेही केली. गाडी रात्री कोल्ड रूमच्या बाहेरच्या अँटी-रूममध्ये लावायची सवय पडली होती. सकाळी प्लग लावल्यावर चार्जर २०० ऐवजी ४० अँपिअरवर रेंगाळायचा. बिघाड नाही. एलएफपी सेल थंड असताना बीएमएस करंट कमी करतो आणि शून्याखाली चार्जिंग पूर्ण थांबवतो, नाहीतर सेलच्या आत लिथियमचा थर बसतो. उपाय फुकटचा: रात्रीचं काम संपल्यासंपल्या, बॅटरी कोमट असतानाच प्लग लावायचा, आणि गाडी पॅकिंग हॉलच्या भिंतीशी उभी करायची.

दुसरी बाब घामाची. शून्य अंशाच्या खोलीतून दमट डॉकवर आली की गाडीच्या सगळ्या लोखंडावर पाणी सुटतं, कनेक्टरमध्येही. लोडिंग नसताना गाडी कोल्ड रूममध्ये उभी ठेवायची नाही. फोर्कच्या पोझिशन सेन्सरचा एक कनेक्टर हिरवा पडला होता. साफ करून डायइलेक्ट्रिक ग्रीस भरलं. हायड्रॉलिक तेल ३२ ग्रेडचं मागितलं होतं ते बरं झालं, ४६ थंडीत पहिल्या उचलीला जड जातं.

२३ फेब्रुवारी. खरा वापर

चार्जरवर वेगळा सबमीटर लावला होता. तासाला ३.४ युनिट, चार्जरचा तोटा धरून. शीटच्या ४.३ पेक्षा कमी, हलक्या पॅलेटमुळे. पण तास कोणते, ते बघा: गाडीच्या तास-मीटरवर दोन आकडे असतात, चावी चालू असल्याचे आणि मोटर फिरल्याचे. वरचा हिशेब दुसऱ्याचा आहे. पहिला धरला तर वापर २ च्या खाली दिसतो आणि बॅटरी खूप मोठी घेतली असं वाटू लागतं. गर्दीच्या दिवशी संध्याकाळी सहाला चार्ज २२ टक्क्यांवर आलेला पाहिला आहे. चहाच्या वेळचा प्लग विसरला तर रात्रीचा शेवटचा कंटेनर अडतो. प्लगच्या खांबावर एक वही टांगली आहे, वेळ आणि टक्के लिहायला.

२६ एप्रिल. हंगाम संपला. बॅटरी ५४ टक्क्यांवर आणून मुख्य कनेक्टर काढला. बिना हलवायच्या दिवशी जोडायचा, काम झालं की पुन्हा ५० च्या आसपास सोडायचा. फोर्कची टाच कॅलिपरने मोजली: ३९.५ मिमी, नवीन असताना ४०. जाडी १० टक्के झिजली, म्हणजे ३६ वर आली, की फोर्क बदलायचे. मास्टच्या साखळ्यांना तेल दिलं. गटारीची जाळी सरळ आहे. पुढची तपासणी जुलैत, तेव्हा बॅटरीचे टक्के, साखळीचा ताण आणि कनेक्टर बघायचे.